डोळा पांढरा नव्हता

जून संपत आलेला. जेजुरी–मोरगाव बाजूच्या माळावर पहिला पाऊस पडून गेला होता आणि विजेच्या एका खांबावर एक शिकारी पक्षी बसला होता. मला पक्षी बघायला लागून तेव्हा सात-आठ महिने झाले होते. म्हणजे माणूस अगदी ठामपणे चुकतो, तेवढं ज्ञान गाठीशी होतं.

डोकं फिकट, छातीवर तपकिरी रेघोट्या, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी. माळावर खांबावर बसलेला, कावळ्याएवढा, म्हणजे तिसा नावाचा बाज असणार असं आधी वाटलं. पण तिशाचा डोळा पांढरा असतो हे मी घोकून ठेवलं होतं आणि याचा तर गडद तपकिरी. झालं, तिसा बाद. मग छातीवर रेघा म्हणजे शिक्र्याचं पिल्लू, असं ठरवून आमच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली ‘शिक्रा, अवयस्क’ असं लिहूनही मोकळा झालो.

ग्रुपमधल्या एका काकांनी नाव सांगितलंच नाही. उलट विचारलं, “पंख मिटल्यावर टोकं शेपटीच्या कुठपर्यंत आलीत?” हे मी बघितलंच नव्हतं. फोटो मोठा करून पाहिलं, तर जवळजवळ शेपटीच्या टोकापर्यंत. शिक्र्याचे पंख आखूड, बसल्यावर शेपटीचा बराच भाग उघडा राहतो. पुढचा प्रश्न, “करत काय होता?” वीसेक मिनिटं नुसता बसून होता. मग खाली उतरला, कोंबडीसारखा चार पावलं चालला, नाकतोडा उचलला आणि परत खांबावर. “मग शिक्रा कशाला म्हणतोस? तिसाच आहे, यंदाचं पिल्लू. डोळा मोठेपणी पांढरा होतो.”

नवीन लोकांना मी आता हाच किस्सा आधी सांगतो. आपण एकच खूण पाठ करतो आणि ती दिसली नाही की बरोबर नाव हातचं घालवतो. शिकारी पक्ष्यांचा रंग तर फारच फसवा: पिल्लाचा वेगळा, नराचा वेगळा, मादीचा वेगळा. मोहोळ घार तर इतक्या रंगांत येते की रंगावरून ती ओळखायला जाऊच नये. तिची लांबट मान आणि कबुतरासारखं लहान डोकं बघावं.

सुरुवात घारीपासून करा. यावर नवखे हमखास नाराज होतात. घार काय, रोजच दिसते! ‘घार हिंडते आकाशी’ सगळ्यांना पाठ असतं, पण शेपटी कशी असते विचारलं की गडबड होते. शेपटीला खाच असते, पण घारीने शेपटी पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते. पिसं झडत असली तर आकार आणखीच भलता दिसतो. मी एकदा अशाच झडक्या शेपटीच्या घारीला गरुड म्हणून चार जणांना दाखवलं होतं, आणि ते चौघेही “हो हो” म्हणाले होते. महिनाभर गच्चीवरून फक्त घारी बघा: वळताना शेपटी सुकाणूसारखी कशी फिरवते, पंख किती वाकवते, कावळा मागे लागला की दोघांच्या आकारात किती फरक दिसतो. एवढं डोळ्यांत बसलं की घार नसलेलं काहीही आपोआप खटकायला लागतं.

त्यानंतर आकृती. टोकदार पंख असले तर ससाण्याच्या कुळातला. आखूड गोल पंख आणि लांब शेपटी, फडफड–तरंग–फडफड असं उडत झाडीत शिरला तर शिक्र्याच्या जातकुळीतला. हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून डुलत जाणारा भोवत्या. हवेत एका जागी थांबून खाली बघणारे आपल्याकडे मुख्यतः तीन: कापशी घार, खरुची आणि सापमार गरुड. यातला सापमार एवढा मोठा की बाकी दोघांशी गल्लत होणं कठीण. तुरेवाला सर्पगरुड बहुतेक वेळा आधी ऐकू येतो, मग पंखाखालचा पांढरा रुंद पट्टा दिसतो.

पहाटे पाचला उठायची इथे गरज नाही. ऊन तापून हवा वर चढायला लागली की हे पक्षी उंच तरंगतात, म्हणून साडेनऊ-दहानंतर मान वर करायची. दुर्बीण ८ बाय ४२ची पुरते. आकाशातल्या पक्ष्याचा फोटो काढताना एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर घरी येऊन काळी पतंग बघत बसाल. अस्पष्ट फोटो डिलीट करू नका. पंखांची बोटं, म्हणजे पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी पिसं, मोजायला तेही चालतात. आणि पुस्तक किंवा अॅप उघडायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. एकदा चित्र बघितलं की आपण न पाहिलेली खूणही पाहिल्यासारखी आठवते. निदान माझं तरी तसं होतं. घरटं सापडलं तर मात्र फोटोच्या मोहात तिथे थांबू नका.

महिनाही नावाइतकाच महत्त्वाचा. अमूर ससाणा सैबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत लोणावळ्याच्या पठारांवर दिसतो तो साधारण नोव्हेंबरच्या सुमारास. मे महिन्यात तिथे ‘अमूर’ दिसला असं कुणी सांगितलं, तर मी आधी फोटो मागतो.

तपकिरी गरुडांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे जिवणी, म्हणजे चोचीच्या कोपऱ्यातून डोळ्याखाली जाणारी पिवळी रेघ, कुठपर्यंत जाते हे बघावं लागतं. स्टेप गरुडाची पिवळी जिवणी डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते, टॉनी गरुडाची डोळ्याच्या मध्याशी थांबते. दोनशे मीटरवरून, उन्हाच्या झळांतून हे बघायचं.

गेल्या डिसेंबरात भिगवणला उजनीच्या काठावर असाच एक बसला होता. वहीत लिहिलंय, ‘मोठा तपकिरी गरुड, ११.२०, बाभळीवर, पाठमोरा’. त्याचे एकोणीस फोटो आहेत माझ्याकडे. एकातही त्याने तोंड वळवलेलं नाही.