खिशातला चाकू: दोन पाती की तीन?
रोज जवळ ठेवायला चाकू निवडताना नुसती पाती मोजू नका, प्रत्येक पात्याचा आकार बघा. ट्रॅपर, स्टॉकमन आणि पीनट हे मिटणाऱ्या चाकूंचे प्रकार. ट्रॅपरला दोन लांब पाती, दोन्ही एकाच टोकाला. पकड छान बसते, पण मिटलेला असतानाही तो 4 इंचांच्या आसपास भरतो, खिशाला जड. स्टॉकमनला तीन: टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीप्सफूट आणि बोथट टोकाचं स्पे. खोकी उघडायला शीप्सफूटच वापरा, टोक आतल्या वस्तूत रुतत नाही. माझी पसंती स्टॉकमनलाच, जरी स्पे (मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठीचं!) कायम मिटलेलंच असतं. पीनट जेमतेम 3 इंचांचा, पाकिटं फोडण्यापुरता. यांना सहसा लॉक नसतो. टोक खुपसून जोर लावलात तर पातं बोटांवर मिटेल.