कार्ड बनवताना रंग कसे जुळवायचे

पेंटिंगमधे रंग मिसळून हवा तसा करता येतो, पण कागद जसा आहे तसाच वापरायचा असतो म्हणून निवडतानाच नीट बघावं लागतं. १२ रंगांचं कलर व्हील, म्हणजे रंग गोलात मांडलेलं चक्र, समोर ठेवा, समोरासमोरचे रंग म्हणजे निळा-केशरी किंवा पिवळा-जांभळा एकमेकांना उठाव देतात, पण दोन्ही सारखेच घेतले की डोळ्यात खुपतात, मग एक भरपूर आणि दुसरा अगदी चिमूटभर, एखादं फूल नाहीतर बारीक पट्टी एवढाच. शेजारशेजारचे रंग सेफ, फारसं चुकत नाही.

खरी गंमत फिकट-गडदची आहे. मी एकदा लाल कार्डवर हिरवी पानं कापून चिकटवली, रंग एकदम विरुद्ध, तरी लांबून पानं दिसेचनात! मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर दोन्ही सारखेच करडे. आता गोंद लावायच्या आधी सगळे तुकडे नुसते मांडून असा फोटो काढतेच. दोन्ही एकसारखे करडे दिसले तर मधे पांढऱ्या कागदाची २ मिमी बॉर्डर टाका, काम होतं.

आणि हो, पांढरापण एकच नसतो, क्रीम कागद शुभ्र पांढऱ्याशेजारी मळका दिसतो, दोन्ही एकत्र नकोत. कार्डवर शाईने रंग देत असाल तर ओल्या लाल शाईवर हिरवी घासू नका, चिखल होतो नुसता.