बर्फावर उतरताना ड्रोन सरकतो? माझा अनुभव

लक्षण असं: वर ड्रोन एकदम स्थिर, पण बर्फापासून दोन-तीन मीटरवर आला की आपोआप बाजूला सरकतो, उंची खाली-वर होते, कधी लँडिंग अर्ध्यावरच थांबतं. कंपास आणि आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेट केले, पंखे बदलले. ढिम्म फरक नाही. वैताग आला.

दोष ड्रोनमध्ये नव्हताच. जमिनीलगत तो पोटाखालच्या कॅमेऱ्याने खालच्या खुणा बघून जागा धरतो. सपाट पांढऱ्या बर्फात खुणाच नसतात. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून उंची मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल तर भुसभुशीत बर्फ त्याचा आवाजही शोषतो, मग उंची चुकते. त्यात पंख्यांचा वारा भुरभुरा बर्फ थेट लेन्सवर उडवतो.

उपाय याच क्रमाने करा. आधी बर्फ पायाने दाबून घट्ट करा. त्यावर गडद, ठळक नक्षीची मीटरभर रुंद चटई अंथरून चारही कोपरे खुंट्यांनी पक्के करा, नाहीतर ती उडून पंख्यात जाते. जीपीएस लॉक होऊन होम पॉइंट (परतायची जागा) नोंदला जाईपर्यंत थांबा. मग खाली न रेंगाळता सरळ चार-पाच मीटर वर न्या. परतताना रिटर्न-टू-होम (आपोआप परत येणं) पाच-सहा मीटरवर रद्द करून चटईच्या बरोबर वर आणा आणि रिमोटने स्वतः, न थांबता उतरवा. चटई चुकली तर पुन्हा वर घ्या; खालच्या खाली सावरायला जाऊ नका.

यासाठी बॅटरी ३० टक्के शिल्लक हवी. थंडीत व्होल्टेज अचानक कोसळतं, म्हणून उड्डाणापूर्वी बॅटरी खिशात ठेवून २० अंशांच्या वर ऊबदार करा.