जुन्या गाडीच्या हेडलाइटची क्रोम रिंग कशी बदलावी

जुन्या गाड्यांच्या 7 इंची (178 मिमी) गोल हेडलाइटला एक नव्हे, दोन रिंगा असतात. बाहेरून दिसते ती शोभेची क्रोम रिंग. तिच्या आत पातळ पत्र्याची दुसरी रिंग असते, ती दिवा वाटीत, म्हणजे दिव्यामागच्या खोलगट भांड्यात, धरून ठेवते. क्रोम रिंग बदलायला आतल्या रिंगेला हात लावावा लागत नाही. आत आणखी दोन लांबट स्क्रू दिसतात, बहुधा एक वर आणि एक बाजूला. ते प्रकाशाची दिशा जुळवण्याचे. घट्ट करायचे राहिलेत असे समजून ते फिरवले, की झोत भलतीकडे जातो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी भिंतीपासून साधारण 7.5 मीटरवर उभी करून दोन्ही झोतांच्या जागा भिंतीवर टेपने खूण करून ठेवाव्यात.

रिंगेभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. बहुतेक गाड्यांत रिंगेची वरची कड वाटीच्या ओठावर अडकलेली असते आणि खाली एकच स्क्रू असतो. स्क्रू दिसत नसेल तर रिंग क्लिपवर बसलेली आहे. टेप गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर खालच्या फटीत घालून हलकेच उचकावी. वरून उचकू नये, कड वाकते.

खरा वेळ खातो तो गंजलेला स्क्रू. पावसाचे पाणी आणि चिखल नेमका त्याच्याच डोक्यावर साचतो. खाचेतली घाण सुईने काढावी, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर मुरू द्यावे. मग खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्यावा, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यावा आणि मगच सोडवावा. उलट फिरवण्याआधीच्या त्या छोट्या हालचालीने गंजाची पकड तुटते. डोके गेलेच, तर आटे खराब न करता फक्त डोकेच ड्रिलने उडवावे. रिंग निघाली की उरलेला दांडा पक्कडीने पकडून काढता येतो. ज्योत मात्र लावू नये, रंग आणि रबर दोन्ही जळतात.

रिंग निघाल्यावर वाटीच्या कडेचा गंज घासून तिथे गंजरोधक रंग द्यावा. तळाशी पाणी जायला भोक असेल तर ते मोकळे करावे, ते बुजल्यानेच वाट्या सडतात. रबर पॅकिंग नवेच घालावे. जुने कडक झालेले असते, त्याच्यावर नवी रिंग कधीच सपाट बसत नाही. रबर बसवताना साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरावे. साध्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगते.

नवी रिंग लावण्याआधी जुनीच्या शेजारी ठेवून कडेची खोली आणि स्क्रूच्या भोकाची जागा ताडून पाहावी. बाजारातल्या नव्या घडणीच्या रिंगांत इथेच फरक असतो. पत्र्याची रिंग लाकडी ठोकळ्याच्या आधाराने थोडी जुळवता येते, तीही आतल्या कडेला. दर्शनी भाग वाकवला तर क्रोमला तडे जातात. ओतीव जस्ताची रिंग मात्र वाकत नाही, सरळ तुटते. ती जुळत नसेल तर दुसरी शोधणेच बरे. रिंगेच्या आतल्या बाजूला मेण फासून ठेवावे, कारण क्रोम आतून गंजत जाते आणि बाहेर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

बसवताना आधी वरची कड अडकवावी, मग तळहाताने खालचा भाग दाबावा. हातोडी नको. स्क्रू पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवावा, म्हणजे आटे चुकत नाहीत. रिंग हलायची थांबली की आवळणे थांबवावे. त्यापुढे गेल्यास खालचा भाग आत ओढला जातो आणि वर फट उघडते. जस्ताची रिंग भोकाजवळ चिरते. जस्ताच्या रिंगेला स्टेनलेस स्क्रू वापरायचा तर त्याच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घालावा. ओलाव्यात या दोन धातूंचा संपर्क राहिला की जस्त खाल्ले जाते.

शेवटी दोन्ही झोत भिंतीवरच्या खुणांशी ताडून पाहावेत. एकच दिवा मंद वाटला तर बहुधा वाटीचे अर्थिंग सैल झालेले असते. ती जोडणी घासून घट्ट करावी. नवे रबर थोड्या दिवसांत दबते, म्हणून 100 किमी झाल्यावर खालचा स्क्रू एकदा पुन्हा हाताने तपासावा.