आधी गाठ, मग नग

मानसशास्त्रात एम.ए. करून नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीला लागलेल्या सोलापूर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. बॅन्ड्युरा, लॉक, लॅथम, डेसी ही मानसशास्त्रज्ञांची नावे तुम्हाला परिचित असतील, म्हणून व्याख्या देत बसत नाही. ध्येयनिश्चितीचा सिद्धांत मलाही तोंडपाठ होता, आणि त्याचा अर्धाच भाग स्वतःला लावून मी दोन वर्षे घालवली, ती हकिकत सांगायची आहे.

नेमके आणि अवघड ध्येय ठेवले की ‘जमेल तेवढे कर’ या सूचनेपेक्षा काम चांगले होते, हे लॉक आणि लॅथम यांच्या सिद्धांताचे मुख्य सूत्र आहे. ते वाचल्या दिवशीच मी कोऱ्या कागदावर मार्करने ‘७०’ लिहून तो कॉटसमोरच्या भिंतीला चिकटवला. दुसऱ्या, म्हणजे विषयाच्या पेपरातील शंभर प्रश्नांपैकी सत्तर बरोबर आणायचे, असा त्याचा अर्थ होता. माझा संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचा घटक अतिशय कच्चा होता. तीन गट आणि प्रत्येक गटात दहा जण असतील, तर अ‍ॅनोवा या गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीच्या तक्त्यात गटांमधील डीएफ (स्वातंत्र्याच्या मात्रा) २ आणि गटांतर्गत २७ येतो, हे साधे गणित मी दर वेळी ३ आणि ३० असे लिहीत असे. तरीही मी रोज सराव चाचणीच सोडवत होते. बरोबर आले ३८, मग ४१, मग ३६. प्रत्येक चाचणीनंतर सत्तरला किती कमी पडले एवढेच मी मोजले. २७ कुठून आले हे शोधायला एकदाही बसले नाही.

इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेक जण याच ठिकाणी अडकतात. लॅथम आणि बाल्डीस यांचा १९७५ चा लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवरचा अभ्यास तुम्ही वाचला असेल. हे चालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरत असत, आणि ९४ टक्क्यांचे ध्येय दिल्यावर ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास गेले. पण त्या चालकांना ट्रक भरणे आधीपासूनच येत होते. ध्येयाने त्यांना नवे कौशल्य शिकवले नाही, अंगात असलेले कौशल्य पूर्ण वापरायला लावले. याच्या उलट बाजूचा पुरावा कॅन्फर आणि अ‍ॅकरमन यांच्या १९८९ च्या अभ्यासात आहे. त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचे कृत्रिम काम दिले. काम अजून समजून घेण्याच्या टप्प्यावर असताना ज्यांना कामगिरीचे ठरावीक ध्येय मिळाले, त्यांना त्याचा फायदा होण्याऐवजी अडथळाच झाला. नवे काम शिकताना माणसाचे सगळे अवधान त्या कामातच गुंतलेले असते. त्यातले थोडे जरी आकड्याकडे वळले, तरी शिकणे तेवढे कमी पडते. म्हणून अशा टप्प्यावर गुणांचे ध्येय न ठेवता शिकण्याचे ध्येय ठेवावे: ‘या आठवड्यात डीएफ काढण्याच्या चार रीती समजून घेईन.’ लॅथम यांनीही पुढे हा फरक आवर्जून मांडला आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सोलापूरच्या पूर्व भागातील एका कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणत असत. ‘७०’चा कागद पाहून ते एकदा म्हणाले, “अगं, मागावर नवीन पोरगं आलं की आम्ही त्याला चादरी किती झाल्या, असं विचारत नाही. तुटलेल्या ताण्याला गाठ मारायला बसवतो. आधी हाताला गाठ बसू दे, मग नग मोज.” मी तेव्हा ते ऐकून सोडून दिले, याची मला आजही खंत आहे.

गुणांपेक्षा मोठे नुकसान स्वक्षमतेवरच्या विश्वासाचे झाले. बॅन्ड्युरा यांनी १९७७ च्या लेखात त्या विश्वासाचे चार स्रोत सांगितले, त्यात स्वतः काम जमवल्याचा अनुभव सर्वांत प्रबळ मानला आणि आरंभीच्या काळातले वारंवारचे अपयश त्या विश्वासाला विशेष मारक ठरते, असेही नोंदवले. मी रोज पहाटे उठून स्वतःला नेमके तेच अपयश पुरवत होते. परीक्षा केंद्रावर संगणकासमोर छाती धडधडू लागली, तेव्हा मला काही येत नसल्याचीच ती खूण आहे, असे मी समजले. शारीरिक अवस्थेचा आपण काय अर्थ लावतो, हा चौथा स्रोत मी अभ्यासक्रमाच्या सातव्या घटकात कितीतरी वेळा वाचलेला होता.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे. मी ज्या क्लासला जात होते, तिथे दर सोमवारी प्रत्येकाचे लक्ष्य फळ्यावर लिहीत आणि गुण मोठ्याने वाचून दाखवत. अशा ठिकाणी पैसे भरू नका. ‘तू नक्की करशील’ एवढेच म्हणणारा माणूसही फार उपयोगाचा नाही, कारण शाब्दिक प्रोत्साहनाने आलेला विश्वास पहिल्याच अपयशात विरतो. तुमचे चुकलेले उत्तर समोर ठेवून अर्धा तास बसेल असा माणूस शोधा. दूरच्या शहरातील टॉपरच्या मुलाखती पाहण्यापेक्षा तुमच्याच अभ्यासिकेत दोन प्रयत्नांनंतर पास झालेल्या ताईजवळ बसा. आपल्यासारख्या माणसाला जमलेले पाहूनच ‘मलाही जमेल’ असे खरेपणाने वाटते. एका ओळीच्या नोट्स विकत घेऊन संख्याशास्त्र येत नाही, हे मी पैसे घालवून शिकले आहे.

आणि घाबरूनही जाऊ नका, ही घसरण भरून काढता येते. बॅन्ड्युरा आणि शंक यांनी १९८१ मध्ये गणितात फार मागे असलेल्या, गणिताची गोडी नसलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पाने सात बैठकांत सोडवायला दिली. ‘शेवटपर्यंत ४२’ असे सांगितलेल्या मुलांपेक्षा ‘दर बैठकीला सहा’ असे सुचवलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली, त्यांचा विश्वास वाढला आणि गणिताची गोडीही वाढली. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी भिंतीवरचा कागद काढला आणि रोज सहा गणिते, तीही पुस्तक उघडे ठेवून, असे ठरवले. ‘रात्रीची भांडी झाली की लगेच वही उघडायची’ असा वेळ-प्रसंगाला बांधलेला निश्चयही केला. गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा ‘जर-तर’ योजनांचे महत्त्व मांडले आहे, आणि माझ्या बाबतीत तो निश्चय टिकला.

गुणांचे ध्येय पुन्हा कधी ठेवायचे, असा प्रश्न तासिका तत्त्वावर शिकवत असताना मला विद्यार्थी नेहमी विचारतात. एकाच प्रकारचे गणित तीन वेगवेगळ्या रूपांत, पुस्तक बंद ठेवून, तीन निरनिराळ्या दिवशी बरोबर आले की तो भाग सराव चाचणीत घ्यावा. मला त्या टप्प्यावर पोहोचायला साडेचार महिने लागले. त्यानंतर एका रात्री मी ‘७०’चा तोच जुना कागद कपाटातून काढला. त्याचे कोपरे दुमडले होते, म्हणून आप्पांनी पिठाची खळ करून तो पुन्हा भिंतीला लावून दिला.