पहिला वुडकट: कोरण्यापासून छापापर्यंत

वुडकट म्हणजे लाकडावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला छाप. त्यात जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं. जे लाकूड उरतं, तेच छापतं. म्हणून पेन्सिलीची नाजूक छटा लाकडावर उतरवायचा हट्ट सोडा. चित्रकार नंदलाल बोस यांचा 1930 मधला दांडीयात्रेतल्या गांधीजींचा ठसा पाहा. तो लिनोकट आहे, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियमवर कोरलेला, पण काळ्यावर मोजक्या पांढऱ्या रेषांनी केवढं काम होतं ते त्यात नीट दिसतं.

सुरुवातीला 6 मिमीचा, गाठी नसलेला प्लाय ए-फोर आकारात कापून घ्या. 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. त्यावर पातळ केलेल्या काळ्या शाईचा एक हात द्या, म्हणजे कोरलेला भाग उजळ दिसतो आणि छाप कसा येईल याचा अंदाज येतो. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून कागद उलटा करा आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या कार्बननं लाकडावर उतरवा. उलटं करायला विसरलात तर अक्षरं हमखास उलटी छापतात.

प्लायचा हा ठोकळा टेबलाला सी-क्लॅम्पनं (स्क्रूच्या शिकंज्यानं) आवळा. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा. आधी सुरीनं रेषेच्या दोन्ही कडा कापा. सुरी रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरपी उतरली पाहिजे, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. सरळ किंवा आत कापलेली बारीक रेष छापताना तुटते. मग व्ही आणि यू गाऊजनं (त्या आकाराच्या टोकाच्या कोरण्यांनी) रेषांच्या मधलं, पांढरं ठेवायचं लाकूड काढा. रेषांमध्ये दीड-दोन मिमी खोली पुरते, पण मोठी पांढरी जागा जास्त खोल हवी, कारण तिथे रोलर खाली टेकतो. लाकडाच्या रेषांना आडवं कोरताना ढलपी उडते ती बहुतेक बोथट हत्यारामुळे. तुकडा सापडला तर फेव्हिकॉलनं लगेच चिकटवा. पांढऱ्या भागात राहिलेले कोरणीचे उंचवटेही थोडे छापतात. ते सगळे साफ करू नका, वुडकटची अर्धी मजा त्यांतच आहे.

तेलरंगाची छपाईची शाई अर्धा चमचा काचेवर घ्या आणि रोलर फिरवा. शाई बरोबर पसरली की बारीक चरचर आवाज येतो. पचपच वाजली तर ती जास्त आहे. ठोकळ्यावर पातळ थर द्या, चार-पाच वेळा, दिशा बदलत. एकदाच जाड थर दिला की बारीक रेषा बुजतात.

कागद पातळ आणि मऊ हवा. नेपाळी हातकागद उत्तम. जाड कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेच्या कागदावर) हातानं छाप नीट उठत नाही. कागद ठेवल्यावर तो सरकू न देता स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडांकडे गोल घासा. एक कोपरा उचलून बघा. मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तर तिथे दाब किंवा शाई कमी पडली आहे. कोपरा परत टेकवून पुन्हा घासा, हवं तर कागदाचा तो भाग उचलून तेवढ्याच जागी शाई द्या. पहिले दोन-तीन छाप ठोकळ्यात शाई मुरण्यातच जातात, त्यासाठी साधा कागद वापरा.

छाप दोरीवर लावून दोन-चार दिवस वाळवा; पावसाळ्यात जास्त वेळ धरा. खाली पेन्सिलीनं 3/10 (दहापैकी तिसरा छाप) असा क्रमांक आणि सही. रोलर आणि काच खाद्यतेलानं पुसून मग साबणानं धुवा. ठोकळा मात्र तेलाच्या फडक्यानं नुसता पुसा, पाणी लागलं तर प्लाय फुगतो.