खत शिकताना उस्तादांचा कित्ता गिरवताय? मग या चुका टाळा

अरबी खत म्हणजे कॅलिग्राफी शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात बिस्मिल्लाहची गोल डिझाईन काढून फ्रेम करायची असते, आणि तुर्की पद्धतीचे उस्ताद मात्र एकच ओळ लिहून हातात देतात, "रब्बि यस्सिर व ला तुअस्सिर", म्हणजे देवा सोपं कर, अवघड करू नकोस, आणि सांगतात जा, हीच लिहून आणा. याला मश्क म्हणतात. आपल्याकडे बोरूने मोडीचा कित्ता गिरवायचे ना, तोच प्रकार. दौत, कलम, शाई, कागद हे शब्दसुद्धा आपल्याला फारसी-अरबीतूनच आलेत, तेव्हा फार परकं वाटून घेऊ नका.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोनवर फोटो झूम करून त्यावरून लिहायला बसणं. मी स्वतः सहा महिने हेच केलं आणि अक्षरं कधी लांबुडकी तर कधी बसकी का होतायत तेच कळेना. खतमध्ये माप सेंटीमीटरचं नसतं, ठिपक्याचं असतं, म्हणजे कलमेच्या टोकाने काढलेला चौकोनी ठिपका, तिरका. सुलुस या मोठ्या अक्षरांच्या शैलीतला अलिफ (उभ्या रेघेसारखं पहिलं अक्षर) साधारण 7 ठिपके उंच. तेव्हा आधी मूळ अक्षर किती ठिपक्यांचं आहे ते मोजा आणि मग आपल्या कलमेच्या ठिपक्याने तेवढंच काढा. सुलुसची कलम साधारण 2-3 मिमी रुंद, नस्ख या बारीक अक्षरांच्या शैलीची 1 मिमीच्या आसपास, एकाच कलमेने दोन्ही लिहिलंत तर फसणारच.

दुसरी चूक, डोळ्याआधी हात चालवणं. 16व्या शतकातला इराणी खत्तात म्हणजे कॅलिग्राफर बाबा शाह इस्फहानी मश्कचे तीन प्रकार सांगतो: नजरी म्हणजे नुसतं बघत बसायचं, कलमी म्हणजे बघून लिहायचं, आणि खयाली म्हणजे समोर काही न ठेवता मनातून. आपण थेट कलमीवर उडी मारतो. पंधरा मिनिटं नुसतं बघा हो, कलम कुठे टेकली, कुठे फिरली, रेघ कुठे बारीक झाली, ते दिसायला लागलं की निम्मं काम तिथेच झालं. काहीजण पेन्सिलने आउटलाइन काढून आत शाई भरतात, ते चित्र होतं, खत नाही, त्यातून हाताला काहीच कळत नाही.

आज एका उस्तादाचं, उद्या दुसऱ्याचं असं पण करू नका, सुरुवातीला तरी. नक्कल करून आपला हात मरेल ही भीती मला पण होती. पण बघा, बगदादच्या याकूत मुस्तअसिमीने (मृत्यू 1298) आधीचा उस्ताद इब्न अल-बव्वाब याचा हात गिरवला, शेख हमदुल्लाहने उस्मानी सुलतान बायझीद दुसऱ्याच्या काळात याकूतचे नमुने पुढे ठेवून स्वतःची शैली काढली, आणि हाफिज उस्मानने (1642-1698) त्याच हमदुल्लाहची नक्कल करत करत नस्ख अशी काही बसवली की पुढे लोक त्याचीच नक्कल करायला लागले. सुलुस-नस्खसाठी आजही बरेच जण मेहमेद शेवकी एफेंदीचे मश्क घेतात, नस्तालिक या इराणी शैलीसाठी मीर इमादचे.

शाई पसरतेय? दोष बहुधा हाताचा नसतो, कागदाचा असतो. जुने लोक कागदाला खळ आणि अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन, घोटून गुळगुळीत करायचे, त्यामुळे शाई वरच राहायची आणि चूक पुसता यायची. घरी सरावाला ग्लॉसी आर्ट पेपर चालतो. कलमेतून थेंब पडत असतील तर दौतीत थोडं रेशीम टाका, कलम हवी तेवढीच शाई उचलते आणि टोकही तळाला आपटत नाही.

आणि एक, खाली लगेच "कतबहू अमुकतमुक", म्हणजे हे अमक्याने लिहिलं, असं लिहू नका. तुर्की परंपरेत ही सही करायचा हक्क इजाजत म्हणजे उस्तादाची रीतसर परवानगी मिळाल्यावरच येतो, नक्कल असेल तर मूळ कोणाचं ते लिहा.

सरावाची पानं मात्र फेकू नका. इराणात एकाच कागदावर आडवंतिडवं, एकावर एक लिहून पान काळं व्हायचं, त्याला सियाह मश्क म्हणतात, आणि 19व्या शतकातल्या मिर्झा गुलामरझा इस्फहानीची अशी पानं आज लोक कलाकृती म्हणून जपतात.